अकरा टिळक आणि एक हार

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या शाळेत एक ऑगस्टला पाऊस ठरलेला आणि शेंगांची टरफलंही ठरलेली. टिनाच्या शेडमध्ये सगळी शाळा मांडी घालून बसायची, वर ताडताड सुरू, आणि समोर एकामागून एक टिळक येऊन सांगायचे, ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही.’ एका वर्षी मी मोजले, अकरा निघाले. पगड्या मात्र दोनच. भाषण झालं की पगडी काढून पुढच्याच्या डोक्यावर. पाचवीतल्या पोरांच्या ती नाकावर यायची.

सातवीत मराठीच्या सरांनी विचारलं, "१ ऑगस्ट १९२० ला मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत सरदारगृहात टिळक गेले. त्याच तारखेला वाटेगावात कोण जन्मलं?"

"गांधीजी!" मागून एकजण ओरडला.

"अबे, गांधीजी त्या दिवशी पन्नाशीचे होते," सर म्हणाले. "पण असहकार सुरू झाला तो त्याच दिवशी. आणि डिसेंबरात त्यावर शिक्कामोर्तब कुठं झालं? आपल्या नागपूरच्या अधिवेशनात." यावर वर्गात असा काही गलका झाला, की अण्णा भाऊ साठे हे खरं उत्तर सांगायला सरांना डस्टर आपटावं लागलं. शेजारचीचं निराळंच. ती हिशेब करून राहिली होती, की टिळक तासभर आधी गेले असते तर ही गंमतच झाली नसती.

त्या वर्षी टेबलावर पहिल्यांदा दोन फोटो लागले. शिपाई काकांनी बर्डीवरून सवयीनं एकच हार आणलेला. सरांनी ब्लेडनं दोरा कापला, दोन्ही तुकड्यांना गाठी मारल्या. सांडलेला झेंडू आम्ही वेचला. टिळकांचा हार फोटोच्या जेमतेम खांद्यापर्यंत आला.

अण्णा भाऊंचं भाषण माझ्याकडे होतं. वाटेगावाहून मुंबईपर्यंतची पायपीट, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली ‘फकिरा’, सगळं घोकलेलं. पण ‘ते फक्त दीड दिवस शाळेत गेले’ म्हटल्याबरोबर मागच्या रांगांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मुख्याध्यापकांना टाळ्या कशासाठी ते बरोबर कळलं. माझं पुढचं कोणी ऐकलंच नाही.

पुढच्या वर्षी काकांनी न सांगता दोन हार आणले. टिळक तरी नऊ होतेच. दोन पोरं अण्णा भाऊ झाली, आणि डफ एकच म्हणून शेडच्या मागं भर पावसात त्यांची जुंपली.