सुरकुतलेली पाने, कुजलेली मुळे

पुण्यातील आमच्या घरी पहिले ऑर्किड फेब्रुवारीत आले, जांभळ्या फुलांनी लगडलेले फॅलेनॉप्सिस. फुले दोन महिने टिकली आणि पुढे पाने सुरकुतून लोंबू लागली. उन्हाळ्यामुळे पाणी कमी पडत असावे असे समजून मी ते रोज घालू लागले, तरी जुलैपर्यंत रोप पार मलूल झाले.

अखेर ते कुंडीतून काढून पाहिले. मुळांभोवती मातीऐवजी भरलेले शेवाळ (मॉस) इतके घट्ट दाबलेले होते की पिळताच पाण्याची धार लागली. तपकिरी पडलेले मूळ चिमटीत धरले, तर साल निसटून हातात आली आणि आतला दोऱ्यासारखा तंतू तेवढा उरला. पाणी भरपूर होते, पण ते शोषणारी मुळेच राहिली नव्हती. तहानलेल्या आणि मुळे कुजलेल्या, दोन्ही रोपांची पाने सारखीच सुरकुततात. म्हणून पानांकडे पाहून पाणी घालू नये, असे मी नवशिक्यांना आग्रहाने सांगते.

ज्योतीवर तापवून निववलेल्या कात्रीने कुजलेला भाग कापला, कापांवर दालचिनीची पूड लावली आणि रोप दिवसभर सावलीत सुकू दिले. टणक मुळे तीनच उरली होती. कोकणात आंब्याच्या खोडावर वाढणाऱ्या ‘सीतेची वेणी’ या रानटी ऑर्किडची मुळे पावसात चिंब भिजतात आणि वाऱ्यावर सुकतात, मातीत कधीच नसतात. तशी हवा मिळावी म्हणून कोळसा आणि भिजवून धुतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे भरून, भोके पाडलेल्या पारदर्शक कुंडीत रोप लावले. ओली मुळे हिरवी दिसतात, कोरडी रुपेरी. रुपेरी झाली की सकाळी पाणी घालायचे. पावसाळ्यात ही वेळ 8-10 दिवसांनी येते, उन्हाळ्यात 3 दिवसांनी. पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी मात्र टिपून घ्यावे, नाहीतर शेंडा कुजतो.

ऑक्टोबरात बुंध्याशी हिरव्या टोकाचे नवे मूळ फुटले. फुले मात्र पुढे वर्षभर आली नाहीत. पानांचा गर्द हिरवा रंग पाहून मी समाधानी होते. तो उजेड अपुरा असल्याची खूण होता. रोप बैठकीच्या कोपऱ्यातून पूर्वेच्या खिडकीत हलवले आणि डिसेंबरात रात्री ती खिडकी थोडी उघडी ठेवली, कारण काही आठवडे रात्रीचे तापमान 16-18 अंशांपर्यंत उतरले की फुलदांडा धरतो. जानेवारीत पानाखालून कोंब डोकावला. मुळाचे टोक गोल आणि गुळगुळीत असते. याचे चपटे होते आणि ते वर, उजेडाकडे वळत होते. एप्रिलमध्ये त्यावरच्या पाच कळ्यांपैकी पहिली उमलली.