सोन्या, आमच्या घरातलं मुंगूस

गेल्या मृगात पेरणीच्या आधी बांधावरचा दगडांचा ढीग जेसीबीनं हलवला, तेव्हा मुंगसाचं बीळ उकरलं गेलं. एक पिल्लू तेवढं हाती लागलं, मुठीत मावेल एवढं. त्याची माय पळाली होती. आम्ही लांब जाऊन थांबलो असतो तर ती बहुतेक परत आली असती. मी मात्र ते टोपीत घालून घरी आणलं.

आमच्या अंबाजोगाईकडं मुंगूस दिसणं शुभ मानतात, त्यामुळं घरात कुणीच नको म्हणलं नाही. आईनं कापसाच्या वातीनं गाईचं दूध पाजलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला हगवण लागली. पातळ करून, थेंब थेंब देऊन कसंबसं तगवलं. नाव ठेवलं सोन्या.

पोळ्यापर्यंत तो घरभर हिंडायला लागला. झुरळं, पाली, उंदीर, काही सोडायचा नाही. अंडं दिलं की पुढच्या पायांत धरायचा, भिंतीकडं पाठ करायचा आणि मागच्या पायांमधून जोरात मागं फेकायचा. नाही फुटलं तर परत धरायचा, परत फेकायचा. हे त्याला कुणीही शिकवलेलं नव्हतं. डोळे नीट उघडायच्या आधीपासून तो आमच्यात होता, तरी आत रानच होतं. ते मला दिसत होतं आणि मी कौतुकानं व्हिडिओ काढत होतो.

दसऱ्यानंतर खाताना कुणी जवळ गेलं की तो केस फुलवून गुरगुरायला लागला. दिवाळीत माझ्या सात वर्षांच्या पुतण्यानं त्याच्यासमोरचं अंडं सरकवलं, आणि सोन्यानं त्याच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला.

काकू हळद-चुना घेऊन धावली. मी तिचा हात धरला. लेकराचा अंगठा साबण लावून नळाखाली धरला, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. ते रडत म्हणत होतं, "काका, सोन्याला मारू नका."

आरोग्य केंद्रात रेबीजची लस मिळाली, पण सीरम, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, नव्हतं. त्यासाठी अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय गाठलं. मी डॉक्टरांना विचारलं, दहा दिवस जनावरावर नजर ठेवून मग ठरवलं तर? ते म्हणाले, "तो नियम कुत्र्या-मांजराचा. रानातलं जनावर चावलं की जखम थेट तिसऱ्या, म्हणजे सगळ्यांत गंभीर श्रेणीची धरायची." पोराचं वजन करून त्या हिशोबानं सीरम काढलं आणि अंगठ्याच्या जखमेतच टोचलं. मी त्याला मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. तसं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. लस आधीच सुरू झाली होती. पुढच्या सुया तिसऱ्या, सातव्या आणि २८व्या दिवशी. दर वेळी दोन्ही दंडांत, कातडीत.

रात्री मी वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन लावला. केस होईल अशी भीती होतीच. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार असा प्राणी हाती आला तर ४८ तासांत कळवावं लागतं. मी पाच महिने घालवले होते. सकाळी वनरक्षक आले. सगळं खरं सांगितलं. जबाब लिहिला, पंचनामा झाला, सही केली. सोन्याला पिंजऱ्यात घालायला मात्र त्यांना जमेना. शेवटी मीच अंडं आत ठेवलं, आणि तो माझ्या हातावरून आत गेला.

पुतण्याची शेवटची सुई झाली त्या दिवशी मी वनरक्षकांना फोन केला. सोन्यात आजाराचं काही लक्षण दिसलेलं नव्हतं. जिवंत उंदीर तो आधीसारखेच धरतोय. पण माणसाचा पाय वाजला की अजून जाळीपाशी येऊन उभा राहतो, म्हणून त्याला सोडलेलं नाही.