स्पोकची चाकं आणि मापाचा टायर

कोल्हापुरातून माझ्या मामेभावाचे सध्या जे फोन येतात ते एकाच विषयावर. त्यानं एमजीबी घेतली आहे, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स गाडी. वकिलातीतल्या कुणा साहेबानं साठच्या दशकात भारतात आणलेली, जाताना एसटीसी या सरकारी व्यापार महामंडळामार्फत विकलेली, मग मुंबईत हात बदलत बदलत शेवटी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये येऊन उभी राहिलेली दोन सीटची उघडी गाडी. हूड फाटलंय, रंग उडालाय, पण इंजिन फिरतं आणि चाकं मूळची आहेत, स्पोकची. टायर मात्र दगड झालेत. त्याचा पहिला प्रश्न असा होता: "ताई, मागं एकशेपंच्याऐंशीचे टाकूया काय? गाडी कशी भरल्यागत दिसंल बघ." म्हणजे १८५ मिलिमीटर रुंदीचे, मापापेक्षा रुंद टायर.

मी नाही म्हटलं. का नाही, ते नीट लिहून काढावंसं वाटलं, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. दसऱ्याला महाराजांची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात आली की आपल्याकडची माणसं चवड्यांवर उभी राहून ती बघतात. जुन्या गाडीची ओढ आपल्या गावाच्या रक्तातच आहे. त्यातल्या कुणाच्या शेडमध्ये स्पोकची चाकं असतील, तर हे त्यांच्यासाठीही.

मी राहते कोव्हेंट्रीत. इंग्लंडच्या सायकल धंद्याचं हे गाव. मोटारी इथं सायकलीच्या मागून आल्या आणि स्पोकचं चाक मोटारीला लागलं तेही त्याच वाटेनं. इथल्याच रज-व्हिटवर्थ या सायकल कंपनीनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झटकन निघणारं चाक आणलं. त्याआधी पंक्चर झालं की चाक गाडीलाच ठेवून भर रस्त्यात टायर उपसावा लागे. यांनी हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, स्प्लाइन म्हणजे दातेरी खाचा दिल्या, मधोमध एकच मोठा नट दिला, आणि हातोड्याच्या चार ठोक्यांत अख्खं चाक हातात येऊ लागलं. एमजीबीची रचना तीच आहे. डाव्या बाजूच्या नटाला सरळ आटे, उजव्या बाजूच्या नटाला उलटे, म्हणजे गाडी पुढं धावताना नट सुटण्याऐवजी आवळलाच जातो. उद्यमनगरातल्या मेकॅनिकला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर उजवीकडचा नट सोडवतोय म्हणत तो आवळत बसेल. आणि हातोडा तांब्याचा किंवा शिशाचा हवा, लोखंडी नको.

आता मापाकडं येते. एमजीबीचं स्पोकचं चाक १४ इंची, रिमची रुंदी साडेचार इंच. १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडली तेव्हा तिला ५.६०-१४ मापाचे क्रॉसप्लाय टायर होते, म्हणजे आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदणारे. पुढं रेडियल आले, म्हणजे धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे; उघड्या गाडीला १५५ आणि बंद छपराच्या जीटीला १६५. आज इथं दोन्ही गाड्यांना सर्रास १६५/८० आर १४ घालतात (रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १४ इंची) आणि माझंही मत त्यालाच आहे. जुन्या टायरवर नुसतंच १६५ एसआर १४ लिहिलेलं दिसेल, मधला आकडा नसेल. त्याकाळी टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ऐंशी-ब्याऐंशी टक्के असते हे धरूनच चालत, म्हणून तो लिहीत नसत.

१८५/७० चा मोह का पडतो तेही मला कळतं. हिशेब करून बघा. १६५/८० चा टायर उभा मोजला तर साधारण ६२० मिलिमीटर भरतो आणि १८५/७० साधारण ६१५. उंची जवळजवळ तीच, रुंदी जास्त, शिवाय बाजारात सहज मिळतो. दुकानदार म्हणतो, बसतंय की. बसतंही.

पण साडेचार इंची रिमवर तो टायर खालून आवळला जातो, बाजू फुगतात आणि पट्टा जमिनीवर जसा सपाट टेकायला हवा तसा टेकत नाही. एमजीबीच्या मागच्या मडगार्डात जागा आधीच कमी, त्यात दोन्ही बाजूंची जागा सारखी असेलच असं नाही. पुष्कळ गाड्यांना एका बाजूला बोटभर कमीच निघते. शेडमध्ये उभ्या गाडीला हे दिसत नाही. दोन माणसं बसली, वळणावर गाडी कलली, की आतून घासल्याचा आवाज येतो आणि टायरच्या बाजूवर काळी चकचकीत रेघ उमटते. पॉवर स्टिअरिंग या गाडीला नाहीच, त्यामुळं पुढं रुंद टायर घातले तर भवानी मंडपाजवळ गाडी लावताना दंड भरून येतील.

माझा खरा विरोध मात्र चाकाच्या काळजीपोटी आहे. पत्र्याची रिंग आणि स्पोकचं चाक यांच्या ताकदीत फरक आहे, आणि तो बाजूच्या जोरात कळतो. स्पोक वरून येणारं वजन छान पेलतात. वळणावर टायर जेव्हा रस्ता घट्ट धरतो आणि गाडी बाहेर जाऊ बघते, तेव्हा ती सगळी ओढ स्पोकवर आडवी येते. एमजीबीच्या चाकाला ६० स्पोक असतात (७२ चंही चाक मिळतं, ते जास्त दणकट). टायरची पकड वाढवली की ही आडवी ओढ वाढते. मग निपल (स्पोक रिमला आवळून धरणारे छोटे नट) ढिले होतात, रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, निघत नाही, हबच्या स्प्लाइनचे दात झिजतात. झिजल्या स्प्लाइनची खूण अगदी सोपी आहे: गाडी पुढं घेऊन लगेच रिव्हर्सला टाकली की चाकातून 'टक्' असा आवाज येतो. हे ऐकू आलं तर टायरचा विचार बाजूला ठेवा आणि आधी हबकडं बघा. नवा टायर त्यावरचा उपाय नाही.

१७५/७० बद्दलही विचारतात. बसतो, घासत नाही, पण उभा ६०० मिलिमीटरच भरतो. म्हणजे चाक तीन टक्के लहान. स्पीडोमीटर जास्त वेग दाखवणार, हायवेला इंजिन जास्त फिरणार आणि मडगार्डाखाली पोकळी दिसणार. वाईट नाही, पण १६५ मिळत असताना तो घ्यायचं कारण मला दिसत नाही.

अरुंद टायरची बाजू घेऊन मी इतकं बोलते ते गगनबावड्याच्या पावसासाठीही. तेवढंच वजन कमी रुंदीवर आलं की टायर पाणी कापत जमिनीला टेकतो. रुंद टायर त्याच पाण्यावर लवकर तरंगू लागतो. करूळ घाटात जुलैत ज्यानं गाडी उतरवली आहे त्याला मला काय म्हणायचंय ते समजेल. आणि उंच बाजूचा अरुंद टायर सुटायच्या आधी सांगतो. स्टिअरिंग हलकं होतं, मागचा भाग हळूच सरकतो, तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. ही गाडी चालवण्यातला निम्मा आनंद त्या संवादात आहे.

क्रॉसप्लायचं थोडक्यात सांगते. गाडी फक्त प्रदर्शनात उभी करायची असेल तर घाला, नाहीतर रेडियलच. मिशेलिननं १९४९ मध्ये रेडियल बाजारात आणला आणि ही गाडी रेडियलवर उत्तम चालते. दोन्ही जाती मात्र एकत्र करू नका. पुढं रेडियल आणि मागं क्रॉसप्लाय हे तर ब्रिटनमध्ये कायद्यानंच बंद आहे, कारण मागचं टोक पुढच्याच्या आधी सुटतं.

ट्यूबवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण टायर बरोबर निवडूनही माणसं इथं फसतात. स्पोकचे निपल रिमच्या आरपार आलेले असतात, प्रत्येक भोकातून हवा निघू शकते, म्हणून साध्या स्पोकच्या चाकाला ट्यूब लागतेच. (आतून सील केलेली, ट्यूबशिवाय चालणारी स्पोकची चाकंही आता बनतात, पण भावाची जुनी आहेत.) कोव्हेंट्रीबाहेर शेताच्या कडेला एका गोठ्यात चाकांचं काम करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. माझ्या गाडीची चाकं मी त्यांच्याकडंच देते. त्यांचं काम मी शेजारी उभी राहून पाहिलंय ते सांगते.

टायर काढल्यावर ते आधी चाक एका खिळीवर टांगतात आणि पान्ह्यानं एकेक स्पोक वाजवतात. आपल्याकडं फाउंड्रीत कास्टिंग वाजवून तडा ओळखतात, अगदी तसंच. घट्ट स्पोक खणखणीत बोलतो, ढिला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथं खडूची खूण. मग रिमच्या आतून उघडं बोट फिरवतात, सावकाश, पूर्ण एक फेरा. निपलच्या वर स्पोकचं टोक नखभर जरी आलेलं असलं तरी ते कानशीनं सपाट करतात, परत बोट फिरवतात. त्यावर रबरी रिम पट्टी ताणून बसवतात आणि पट्टीचं भोक व्हॉल्व्हच्या भोकावर बरोबर आलंय का ते उजेडात धरून बघतात. यानंतर टायरचा आतला भाग. ट्यूबलेस म्हणून बनवलेल्या काही टायरच्या आत बारीक उंचवटे असतात, कधी कागदी लेबल चिकटलेलं असतं. ट्यूब त्यावर घासून घासून फाटते. लेबल खरवडून काढतात, आतून हात फिरवतात, उंचवटा लागला तर तो टायर बाजूला. मग ट्यूबला आणि टायरला आतून शंखजिऱ्याची पावडर. ट्यूब रेडियलसाठीची आणि १६५ च्या मापाची, कारण मोठी ट्यूब आत दुमडते आणि त्या घडीवरच चिरते. हवा भरतात, सगळी सोडून देतात, पुन्हा भरतात, म्हणजे ट्यूबचा पीळ आणि सुरकुत्या निघून जातात.

एवढं सगळं कशासाठी, तर ट्यूबच्या टायरला पंक्चर झालं की हवा स्पोकच्या भोकांतून आणि व्हॉल्व्हच्या बाजूनं एकदम जाते. ट्यूबलेससारखी हळूहळू उतरत नाही. हायवेला कागलच्या पुढं ताशी नव्वदनं जाताना हे होऊ द्यायचं नसेल तर कानशीची ती पाच मिनिटं फार मोलाची आहेत.

आता कोल्हापुरात टायर आणायचा कुठून? इथं जुन्या गाड्यांसाठी पिरेली कंपनी आपला जुना चिंतुरातो टायर आजही जुन्या नक्षीत बनवते आणि तो देखणा आहे यात शंका नाही. भाऊ म्हणाला, "ताई, तूच चार पाठवून दे की." पण २०२० साली भारत सरकारनं मोटारीच्या नव्या टायरच्या आयातीला परवान्याची अट घातली, शिवाय आयएसआय चिन्हाचा नियम आहेच. त्या भानगडीत पडायची गरजही नाही. १६५/८० आर १४ हे माप आपल्याकडच्या स्विफ्ट आणि डिझायरच्या कित्येक मॉडेलना कंपनीतूनच येतं! भारतीय कंपन्यांचे हे टायर कोल्हापुरात कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतील, वेगाचं अक्षर टी, म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालणारे. एमजीबी नवी असतानाही तेवढी पळत नव्हती. त्याला हे सांगितल्यावर पलीकडं क्षणभर शांतता, आणि मग, "म्हंजे राजारामपुरीतच काम हुतंय की गं!" होतंय. फक्त दुकानदाराला 'ट्यूबलेस आहे, ट्यूब कशाला' म्हणू देऊ नको, आणि टायरच्या आतून हात फिरवल्याशिवाय पैसे देऊ नको.

तारीख बघ. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा, त्यावर नक्षी कितीही शाबूत असली तरी. हौसेच्या गाड्यांचे टायर झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन जातात. ब्रिटनमध्ये १ फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर चालत नाही. मोटारींना हा नियम लागू नाही, आणि चाळीस वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. म्हणजे माझ्या गाडीचे टायर माझ्याशिवाय कुणी बघत नाही. मी दहा वर्षांचाच नियम पाळते. आपल्याकडच्या उन्हात त्याहून लवकर बदलावेत असं माझं मत आहे.

बॅलन्सिंगला गेलास तर एक गोष्ट अडून माग. दुकानातल्या मशीनचा साधा कोन चाकाच्या मधल्या भोकात बसवतात. स्पोकचं चाक गाडीवर त्या भोकावर बसतच नाही, ते आतल्या आणि बाहेरच्या उतरत्या कडांवर बसतं. त्या कडांना टेकणारे कोन नसतील तर मशीन खोटा आकडा दाखवतं आणि शिशाचे तुकडे चुकीच्या जागी लागतात. उद्यमनगरात लेथवर असा कोनांचा जोड कुणीही करून देईल, चाक सोबत घेऊन जा म्हणजे माप घेता येईल. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर मधले नट पुन्हा ठोकून बघ.

आणि टायर पाच घे, चार नको. डिकीतली स्टेपनी उघडून बघ, गाडीतला सगळ्यात जुना टायर बहुतेक तोच निघेल.