चपडालाख आणि जादूगाराची टोपी

शनिवार, रात्रीचे 11:30

पोरं नटून-सजून लाकडी बैल मिरवतात तो तान्हा पोळा आठ दिवसांवर आला आणि आज टोपी पहिल्यांदा सलग दहा मिनिटं न लुकलुकता पेटून राहिली. इतका आनंद झाला की झोपलेल्या आईला उठवून दाखवली.

भाच्याला यंदा जादूगार व्हायचंय. लाकडी बैल केव्हाच सजून तयार आहे. पण पुठ्ठ्याची टोपी नको म्हणाला, "मावशी, दिवेवाली पाहिजे." मग नागपूरच्या गांधीबागेतून तीन मिलिमीटर जाडीचं काळं फेल्ट आणलं, बर्डीतून वायर आणि पेन्सिल सेलचा डबा. शिवता येणारे बारा एलईडी आणि वीज वाहून नेणारा स्टीलचा दोरा मात्र बाहेरून मागवावा लागला.

पहिली चूक डोक्याचीच झाली. घेर 52 सेंटिमीटर, त्याला 6.28 ने भागून 8.3 त्रिज्येचं गोल भोक कापलं. टोपी कपाळावर रुतली आणि कानांवर फटी राहिल्या. आई आयुष्यभर ब्लाउज शिवत आली आहे. ती म्हणाली, "माणूस गोल धरून कोणी माप घेते का गं?" मग 18 बाय 15 चा लंबगोल काढला. घेर तेवढाच, पण नीट बसली.

आत लिलीपॅड आहे, दिव्यांना हुकूम देणारा चिमुकला कॉम्प्युटर. लिआ ब्युकली यांनी खास कापडावर शिवण्यासाठी घडवलेला हा बोर्ड 2007 साली विक्रीला आला. जांभळी गोल चकती, कडेने पाकळ्या, प्रत्येक पाकळीत सुई जाईल एवढं भोक. सर्किट शिवताही येतं, हे कोणाला तरी सुचलं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मी हावरटासारखी सगळंच दोऱ्याने शिवलं. पहिले दोन दिवे पांढरे लागले, पुढचे पिवळट, शेवटचे लालसर. कागद घेऊन बसले तेव्हा उलगडलं. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की 60 मिलीअँपिअर खातो, बारांचे झाले 720. दोऱ्याचा रोध मल्टिमीटरवर फुटाला 10 ओहमच्या आसपास आला. एवढा प्रवाह फूटभर दोऱ्यातून न्यायचा तर वाटेतच सात व्होल्ट लागतील, आणि तीन सेलचे मिळून साडेचारच! प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा आणि निळा मिळून पांढरा होतो. त्यातल्या लाल रंगाला सगळ्यात कमी व्होल्टेज पुरतं, म्हणून शेवटच्या दिव्यांत तेवढाच तग धरून होता. आता वीज फितीखालच्या बारीक वायरीतून जाते, दोऱ्यातून फक्त सिग्नल. उजेडही पाव केलाय. पोराच्या डोळ्यांना तेवढा पुष्कळ.

तरी टोपी घातली की लुकलुक सुरूच. तीन रात्री कोडमध्ये शोधत होते. आईने चष्मा लावला, टोपी उलटी केली आणि एका गाठीवर बोट ठेवलं. "हे पाय, गाठ सुटून राहिली." स्टीलचा दोरा स्प्रिंगसारखा, गाठ धरत नाही. दोन मिलिमीटरची एक मिशी बाहेर आली होती, आणि फेल्ट वाकलं की शेजारच्या टाक्याला टेकत होती.

उपाय घरातच होता. फेल्ट ताठ व्हावं म्हणून चपडालाख स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवली होती, सुतार पॉलिशला वापरतात तीच. जुन्या रेशमी टॉप हॅटचा सांगाडाही लाख लावलेल्या सुती कापडाच्या थरांचाच असायचा. गरम केली की मऊ, थंड झाली की ताठ. आणि लाखेतून वीज जात नाही. मिश्या कापल्या, प्रत्येक गाठीवर काडीने एकेक थेंब सोडला. स्पिरिट उडून गेलं आणि मधासारखा एक मणी गाठीवर घट्ट बसला. हीच लाख एक किडा पळसाच्या फांद्यांवर तयार करतो, आणि पळस तर आपल्याकडे होळीच्या सुमारास सगळं रान पेटवून देतो. विलायती टोपीत आपल्या रानातलं काही मिळावं, याचं इतकं बरं वाटलं की हात थांबवून नुसती बघत बसले.

उद्या आई टोपीच्या काठात तार घालून उलटी टीप मारणार आहे. "मशीनवर नको, हातानंच मारतो मी," म्हणाली. सध्या टोपी ओट्यावर उपड्या गंजावर (पातेल्यावर) वाळत आहे. बाहेर पाऊस, हवा दमट, लाख वाळायला वेळ घेतेय. स्वयंपाकघरात स्पिरिटचा वास भरलाय, म्हणून गॅस पेटवू दिला नाही आणि दोघी चहाशिवायच बसलोय.