शरदाची मुदत

आमच्या कार्यालयात ‘सीझन’ या शब्दाला एकच अर्थ आहे. आंब्याचा, लग्नाचा किंवा पावसाचा सीझन तिथे कोणाच्या बोलण्यात येत नाही. सीझन म्हणजे ऑडिटचा. गणपती उठले की तो बसतो. ३० सप्टेंबर ही व्यापाऱ्यांच्या लेखापरीक्षण अहवालाची तारीख आणि ३१ ऑक्टोबर ही त्याच व्यापाऱ्यांच्या विवरणपत्रांची तारीख, या दोन खुंट्यांना बांधलेल्या दोरीवर आम्ही दीड महिना लटकत असतो. मधूनच जीएसटीच्या विवरणपत्रांची ११ आणि २० तारीख येऊन दोरी हलवून जाते. पुण्यातल्या एका करसल्लागाराकडे मी सोळा वर्षे काम करते आहे आणि या सोळा वर्षांत शरद ऋतू मी बहुतेक करून खिडकीच्या काचेतूनच पाहिला आहे.

आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने म्हणजे शरद, हे शाळेत पाठ केले होते. पुढे एका वैद्यांच्या दवाखान्यात ‘वैद्यानां शारदी माता’ हे वचन ऐकले. पावसाळ्यात साठलेले पित्त ऑक्टोबरच्या उन्हाने खवळते, रुग्णांची रीघ लागते आणि म्हणून शरद ही वैद्यांची आई, असा त्याचा अर्थ. वैद्यांची ती आई असेल, पण हिशेबनिसांची मात्र सावत्र आई आहे. बाहेर आकाश धुऊन वाळत घातल्यासारखे निळे झालेले असते, घटाभोवतीच्या मातीतून धान्याचे पिवळे अंकुर डोके काढत असतात, आणि आम्ही एखाद्या दुकानदाराच्या बँक खात्यातल्या साडेचारशे रुपयांच्या फरकाचा माग काढत बसलेलो असतो.

अशा दिवसांत स्वतःसाठी काही संकल्प करावेत, ही हौस मला फार पूर्वीपासून आहे. गुढीपाडवा आणि एक जानेवारी हे संकल्पांचे रूढ दिवस. पण दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे असते, साडेतीन मुहूर्तांपैकी दसऱ्याचा एक आणि बलिप्रतिपदेचा अर्धा असे दीड मुहूर्त एकट्या शरदाच्या वाट्याला आले आहेत, तेव्हा त्यांचाही उपयोग व्हावा, असे मला वाटे. सुरुवातीच्या वर्षांतल्या माझ्या याद्या आज वाचल्या तर त्या कोणा दुसऱ्याच, पुष्कळ रिकामा वेळ असलेल्या बाईने लिहिल्यासारख्या वाटतात. रोज पाच किलोमीटर चालणे, पेटी पुन्हा शिकायला सुरुवात करणे, साखर सोडणे (आणि हे दिवाळीच्या तोंडावर!), कपाटे आवरणे, रात्री दहाला झोपणे. या यादीतले दसऱ्याला लुटलेले सोने कोजागिरीपर्यंत आपट्याच्या पानासारखे वाळून जायचे. दोष आळसाचा आहे, असे मी बरीच वर्षे धरून चालले होते.

तो दोष आळसाचा नव्हता, हे २०२४च्या सर्वपित्री अमावास्येला माझ्या ध्यानात आले. त्या दिवशी २ ऑक्टोबर होता, म्हणजे गांधी जयंतीची सुटी. तरीही आम्ही कार्यालयात होतो, कारण ३० सप्टेंबरची मुदत शेवटच्या क्षणी ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली होती. मुदतवाढीची एक गंमत असते. ती मिळेपर्यंत सगळे देव पाण्यात ठेवतात, आणि मिळाली की दोन दिवस कोणाचाही हात चालत नाही. ज्या क्लायंटने २८ तारखेच्या रात्री बारा वाजता खरेदीची बिले धाडली असती, तो ती आता ५ तारखेच्या रात्री बारा वाजता धाडतो, एवढाच काय तो फरक. दुपारी डबा खाताना मी आमच्या सरांना म्हटले, “सर, तारीख नसती तर यांनी हिशेब कधीच दिले नसते.” सर म्हणाले, “ताई, तारीख नसती तर आपणही कधी मागितले नसते.”

डबा धुताना त्यांचे ते वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिले. चालणे, पेटी, कपाटे या गोष्टी फाल्गुनातही करता येतात आणि श्रावणातही. त्यांना शरदाची काही गरज नाही आणि म्हणून शरदात त्यांची कोणाला घाईही नाही. मी शरदाच्या नावाने जे संकल्प करत होते ते बारमाही होते, आणि बारमाही कामाला ऐन गर्दीच्या दिवसांत कोण विचारतो? तेव्हा या वर्षी, ज्या गोष्टी शरद संपला की आपोआप बाद होतील आणि ज्यांना मुदतवाढ मिळण्याची काहीही सोय नाही, तेवढ्याच यादीत घ्यायच्या, असे मी ठरवले. सर्वपित्रीला कोणी नवे काम आरंभत नाही, हे मला ठाऊक होते. पण अर्धा तास मोकळा मिळाला होता, आणि तो मुहूर्तापेक्षा दुर्मीळ होता. टेबलावरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी तीनच ओळी लिहिल्या: प्राजक्त, एक दिवाळी अंक, अगस्त्य.

प्राजक्ताचे काम सोपे निघाले. आमच्या सोसायटीच्या वाहनतळाला लागून एक झाड आहे आणि त्याची फुले संध्याकाळनंतर उमलून पहाटे गाड्यांच्या टपांवर सांडतात. साडेसातला झाडूवाल्या मावशी येतात, त्यांच्या आधी पोहोचायचे, एवढीच अट होती. नवरात्रात चार दिवस मी आणि माझ्या सासूबाई खाली उतरलो. त्या एका शेजाऱ्याच्या नव्या गाडीच्या बॉनेटवरून इतक्या हलक्या हाताने फुले वेचत, की जणू ते देवघरच आहे. केशरी देठांचा रंग बोटांना लागतो हे मी विसरले होते. त्या दिवसांत कीबोर्डवर काम करताना मधूनमधून मी बोटांकडे पाहत होते. याहून अधिक काही सांगण्यासारखे घडले नाही.

दिवाळी अंकाचा संकल्प मात्र वाटतो तितका साधा नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाच्या घरात फराळाच्या डब्यांबरोबर अंकांची चळत येऊ लागली, आणि आमच्या घरात ती चळत गेली काही वर्षे वाचली न जाता नुसतीच उंच होत होती. दरवर्षी पाच अंक विकत घ्यायचे, प्रत्येकातली व्यंगचित्रे आणि एखादी कथा वाचायची, राशिभविष्यात आपली रास पाहायची आणि पुढच्या आश्विनात सगळे रद्दीत द्यायचे, हा आमचा रिवाज झाला होता. या वेळी एकच अंक घ्यायचा आणि तो संपादकीयापासून मलपृष्ठापर्यंत, जाहिरातींसकट, त्रिपुरी पौर्णिमेच्या आत वाचायचा, असे ठरवले. पंचांगाप्रमाणे शरद कार्तिक अमावास्येपर्यंत असतो हे मला मान्य आहे, पण देवळाच्या दीपमाळेवरचे त्रिपुर विझले की मला तरी त्याच्यात जीव राहिला आहे असे वाटत नाही. पुढे झाले असे, की ३१ ऑक्टोबरची विवरणपत्रांची मुदतही १५ नोव्हेंबरपर्यंत वाढली, आणि १५ नोव्हेंबर हीच नेमकी त्या वर्षीची त्रिपुरी पौर्णिमा होती. दोन मुदती एका दिवशी आल्या. त्या रात्री शेवटचे विवरणपत्र भरून घरी आले तेव्हा अंकातली खूण ११२व्या पानावर होती, आणि अंकाची पाने २०८ होती. ती खूण मी तिथेच राहू दिली आहे. उरलेली पाने आता वाचली तर तो ग्रीष्मातला अंक होईल.

राहिला अगस्त्य. रात्रीच्या आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी असलेला हा तारा दक्षिणेकडे इतका खाली असतो, की पुण्यातून तो आपल्या सर्वांत उंच जागी आला तरी क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशांपेक्षा वर चढत नाही. हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षाही किंचित कमीच. हिवाळ्यात तो संध्याकाळनंतर आरामात दिसतो, म्हणजे तसे पाहिले तर हाही संकल्प बारमाहीच्या जवळ जाणारा. पण मला तो शरदातल्या पहाटेचा पाहायचा होता, आणि त्याचे कारण सासूबाई होत्या. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यातले शेतकरी. आश्विनात पहाटे बैलांना वैरण टाकायला उठले की दक्षिणेकडे बोट दाखवून ते म्हणत, “अगस्ती वर आला, आता ओढ्याचं पाणी निवळणार.” आयुर्वेदाच्या ग्रंथांतही शरदातले पाणी दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निववलेले आणि अगस्त्याच्या उदयाने निर्विष झालेले म्हणून वाखाणले आहे, त्याला हंसोदक असे गोड नाव आहे. पाऊस ओसरल्यावर गाळ खाली बसतो, हे त्यामागचे साधे कारण. ताऱ्याचा त्यात काही हात नसावा. परंतु दोन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात घडतात, आणि शेतकऱ्याला तेवढे पुरे होते.

आमच्या घरातून दक्षिण दिसत नाही. तिथे अकरा मजली इमारत उभी आहे. म्हणून गच्ची. गच्चीची किल्ली रखवालदाराकडे, आणि रखवालदार पहाटे पाचला गाढ झोपेत. पहिल्यांदा किल्ली मिळाली तेव्हा परतीच्या पावसाचे ढग होते. दुसऱ्यांदा आकाश स्वच्छ होते, पण कोजागिरी नुकतीच होऊन गेल्यामुळे चंद्राचा उजेड होता, आणि त्याहून वाईट म्हणजे मी रात्री दीडला झोपले असल्याने गजर बंद करून पुन्हा पडले. तिसऱ्यांदा काय झाले ते मला आठवतही नाही. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला तेव्हा हा संकल्पही अंकाच्या वाटेने जाणार, अशी माझी खात्री झाली होती.

पण ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. वर्षभरात पहाटे पाचला सगळे घर जागे असण्याचा हा एकच दिवस, आणि अमावास्या जवळ आल्यामुळे चंद्राची अडचण नाही, हे मला आदल्या रात्री उटणे कालवताना एकदम सुचले. याच तारखेच्या भीतीने मी गेली काही वर्षे ही पहाट घाईघाईने उरकत आले होते. त्या वर्षी ती भीती पंधरा दिवस पुढे गेलेली होती. पाच वाजता सासूबाईंना म्हटले, “आई, अंघोळीआधी दहा मिनिटं वर येता का?” त्यांनी खांद्यावर शाल घेतली. किल्ली मी रात्रीच मागून ठेवली होती. पाण्याच्या टाकीच्या बाजूला उभे राहिल्यावर आधी व्याध दिसला, चांगला उंचावर. तिथून नजर थोडी पश्चिमेकडे झुकवत जवळजवळ सरळ खाली आणली, तर दोन इमारतींच्या मधल्या फटीत, एका डिश अँटेनाच्या वर, तो होता. लुकलुकत नव्हता म्हणणे खोटे ठरेल, चांगलाच लुकलुकत होता.

“हाच का?” सासूबाईंनी विचारले.

“तुम्हीच सांगा. तुम्ही पाहिलेला आहे.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमच्याकडे याच्याखाली चिंच होती.”

एवढ्यात खालच्या गल्लीत पहिला फटाका वाजला, लगोलग लवंग्यांची माळ लागली आणि दक्षिणेकडून धुराचा पट्टा वर चढू लागला. सहा-सात मिनिटांत अँटेनाही धूसर झाला. आम्ही खाली आलो. मुलगा डोळे चोळत पाटावर बसला होता, बंबातले पाणी कढत झाले होते, आणि माझ्या फोनवर एका क्लायंटचा शुभेच्छांचा संदेश आला होता, ज्याच्या शेवटी गुणाकार-भागाकाराची एक शंका होती. सासूबाई मात्र मोरीकडे न जाता स्वयंपाकघरात गेल्या. जुलैपासून आमच्या नळाला येणारे पाणी गढूळ होते आणि त्या ते फडक्याने गाळून घेत असत. त्यांनी काचेचा पेला नळाखाली धरला, भरला, दिव्यासमोर उंच करून डोळे बारीक करून पाहिला, आणि ओट्यावरचे फडके उचलून धुवायच्या कपड्यांत टाकले.