दिवा स्थिर होता तरी

2008 सालच्या मे महिन्यात सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात मला ब्रॉडबँडच्या तक्रारीसाठी बोलावण्यात आले. आदल्या संध्याकाळी वळवाच्या पावसात वीज दोनतीनदा गेली होती आणि तेव्हापासून इंटरनेट बंद पडल्यामुळे परगावच्या व्यापाऱ्यांना पाठवायचे हिशोब अडून बसले होते. राऊटरवरचा डीएसएलचा दिवा मात्र स्थिर होता, म्हणून दोष संगणकातच असणार, अशी दिवाणजींची खात्री होती.

त्या दिव्याचा अर्थ इतकाच, की टेलिफोनच्या तारेवर राऊटर आणि एक्स्चेंज यांचा मेळ बसला आहे. पुढची जोडणी झाली की नाही, हे त्यावरून कळत नाही. चौकशी करता दुकानातला मुलगा म्हणाला, "साहेब, मागच्या भोकात टाचणी घालून मी बटण दाबलं होतं." म्हणजे सगळी सेटिंग पुसली गेली होती.

संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, जुन्या नेटवर्कप्रमाणे बांधलेला असल्याने ब्राउझरमधून राऊटर सापडेना. मी संगणक थेट राऊटरला जोडणारी कन्सोल केबल लावली, तर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हे उमटली, कारण त्या केबलवरून बोलणाऱ्या हायपरटर्मिनल या प्रोग्रॅमचा वेग आधीच्या कामासाठी 115200 ठेवलेला होता. तो 9600 करून एंटर दाबले, पासवर्ड दिला आणि आकड्यांचा मुख्य मेनू समोर आला.

या मेनूत माऊसचे काही काम नसते. आकडा टाकून आत जायचे, एस्केपने मागे यायचे, आणि जिथे ठरावीक पर्यायच चालतात तिथे स्पेसबार दाबून ते एकामागून एक फिरवायचे. चौथ्या मेनूत टेलिफोन कंपनीच्या जाळ्यातली वाट ठरवणारे दोन आकडे, व्हीपीआय 8 आणि व्हीसीआय 35, दिसत होते. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडला तेव्हा 0 आणि 35 लागत. एका आकड्याच्या फरकाने राऊटर भलत्याच वाटेने हाका मारत होता. मी 0 घातला, एन्कॅप्सुलेशनच्या, म्हणजे जोडणीच्या पद्धतीच्या, ओळीवर युजरनेम-पासवर्ड मागणारी पीपीपीओई ही पद्धत येईपर्यंत स्पेसबार दाबला आणि दिवाणजींनी कपाटातून काढलेल्या कागदावरून युजरनेम व पासवर्ड भरला. तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन आला. बोलून परत पाहतो तो पडद्यावर पुन्हा पासवर्डची ओळ! पाच मिनिटे कुणी कळ दाबली नाही तर हा मेनू आपोआप बंद होतो, आणि शेवटच्या ओळीवर एंटर दाबून खात्री दिल्याखेरीज भरलेले काहीही जतन होत नाही. हे मला माहीत होते, तरी त्या घाईत ते निसटले आणि मला मनापासून वाईट वाटले, कारण बाहेर सौदे संपत आले होते.

दुसऱ्यांदा प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत भरली, खालची सूचना येताच एंटर दाबले आणि 24.1 या स्थितिदर्शक पानावर जोडणी सुरू झालेली दिसली. दिवाणजींनी पहिला हिशोब ईमेलने रवाना केला. निघण्यापूर्वी मी ते दोन आकडे आणि मेनूचा क्रम एका कोऱ्या हिशोबपट्टीच्या पाठीवर लिहून दिला. त्यांनी ती पट्टी राऊटरच्या वरच्या भिंतीवर चिकटवली आणि टाचण्यांची डबी उचलून गल्ल्यात ठेवली.