दोन्हीकडे टोक

जानेवारीतल्या एका दुपारी सोलापूरच्या होम मैदानावरून घरी परतत होतो. गड्ड्याच्या यात्रेतली दुपार म्हणजे जत्रेची झोपायची वेळ. आकाशपाळणे थांबलेले होते, दुकानांवर ताडपत्र्या ओढलेल्या होत्या आणि ‘मौत का कुआँ’तला मोटारसायकलवाला आपल्याच विहिरीच्या सावलीत शेंगाचटणी-भाकरी खात बसला होता. लहान मुलांच्या गोल फिरणाऱ्या पाळण्यापाशी एक माणूस पत्र्याच्या रॉकेटला चंदेरी रंग देत होता. अंग रंगवून झाल्यावर त्याने दुसरा डबा उघडला आणि मागचे तीन पंख मोठ्या निगुतीने लाल करायला घेतले. हे रॉकेट लोखंडी दांड्याला जोडलेले, जमिनीपासून फार तर चार फूट उचलले जाणारे आणि वेगात रिक्षालाही हार जाणारे. न राहवून मी विचारले, “याला पंख कशाला हो?” त्याने मान वर न करता उत्तर दिले, “पंख नसले तर पोरं पाण्याची टाकी म्हणतील की.”

कुठल्याही काल्पनिक यानाचे चित्र दिसले की आधी त्याचे पंख मोजायचे, ही माझी जुनी खोड आहे. जिथे हवाच नाही तिथे पंखांनी काय कापायचे, हा प्रश्न मला सुचतो आणि घरच्यांना कंटाळा आणतो. दिवाळीच्या बाणाला काडी असते ती तो हवेत सरळ जावा म्हणून. जर्मनांच्या व्ही-२ अग्निबाणाच्या शेपटीला पंख होते तेही त्याच कामासाठी. तो १९४२ मध्ये पहिल्यांदा यशस्वीपणे उडाला आणि पुढची कित्येक वर्षे चित्रांतली याने त्याचेच पंख लावून चंद्रावर जात राहिली. त्याआधी, तोफांचा दरारा होता तेव्हा, ज्यूल व्हर्नने १८६५ मध्ये आपली माणसे तोफेच्या गोळ्यातून पाठवली होती आणि १९०२ च्या मूकपटात तो गोळा थेट चंद्राच्या डोळ्यात जाऊन रुतला होता. ज्याच्या काळात जे सर्वांत जोरात जाते, ते त्याचे यान.

उडत्या तबकडीची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण तिचा आकार ऐकण्यातल्या घोटाळ्यातून आला, असे म्हणतात. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकन वैमानिकाला माउंट रेनियर पर्वताजवळ नऊ चमकत्या वस्तू उडताना दिसल्या. पाण्यावर बशी फेकली तर ती जशी टप्पे घेत जाईल तशी त्यांची चाल होती, असे त्याने सांगितले. तो चालीबद्दल बोलत होता. वर्तमानपत्रांनी बशी तेवढी उचलली आणि तेव्हापासून परग्रहावरचे लोक बशीतून येऊ लागले. आम्ही सिद्धेश्वर तलावाच्या काठावर खापऱ्या फेकून पाण्यावर भाकऱ्या काढायचो. अर्नोल्ड सोलापूरचा असता, तर आज सगळे जग आकाशात उडती भाकरी शोधत बसले असते, आणि आमची कडक भाकरी त्या कामाला कुठेही कमी पडली नसती.

माझ्या स्वतःच्या यानाचा आकार ना तोफेच्या गोळ्याचा होता, ना बशीचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांचे चार माग चालत. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो धोटा; असा एक झिजलेला, कामातून गेलेला धोटा त्यांनी मला खेळायला दिला होता. ज्यांनी धोटा हातात घेतलेला आहे त्यांना मी काय सांगावे! तुळतुळीत लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी बोंडे, मधल्या पोकळीत धाग्याची कांडी बसायची जागा आणि बाजूला धागा बाहेर यायचे छोटेसे भोक. ती पोकळी म्हणजे माझी प्रवाशांची खोली आणि ते भोक म्हणजे खिडकी. कापडावर नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड यंत्राचे जुने, भोकाभोकांचे पुठ्ठे समोर मांडले की यान चालवायची यंत्रे तयार होत. एकदा मी त्या धोट्यावर आजीच्या डब्यातली बटणे, सोड्याच्या बाटलीची बुचे आणि सायकलचा एक व्हॉल्व्ह गोंदाने चिकटवला, तेव्हा तो एकदम प्रचंड मोठा वाटू लागला. गुळगुळीत वस्तूचे आकारमान डोळ्यांना उमगत नाही. बारीक खाचाखोचा दिसल्या की मन आपोआप पलीकडे मोठे काहीतरी धरते. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’साठी याने बनवणाऱ्या कारागिरांनीही रणगाड्यांच्या आणि जहाजांच्या प्लॅस्टिक खेळण्यांचे सुटे भाग असेच आपल्या नमुन्यांवर चिकटवले होते, हे मला फार उशिरा कळले आणि बटणांसाठी खाल्लेला मार थोडा वसूल झाला.

चालत्या मागावरचा धोटा मात्र खेळणे नव्हे. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, उघडलेल्या तोंडातून तो इकडून तिकडे फेकला जातो आणि कधी वाट चुकला की बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर येतो. “धोटा उडाला!” अशी आरोळी आली की आजोबा हातातले काम टाकून धावत आणि पहिला प्रश्न एकच विचारत, “कुणाला लागलं?” कापड किती बिघडले, धोटा कुठे पडला, हे सगळे मागाहून.

त्याला दोन्हीकडे टोक का, असे मी त्यांना विचारले होते. “तो वळत नाही, नुसता परततो. जाताना हे टोक पुढं, येताना ते. शेंडाबुडखा नाही बघ त्याला,” ते म्हणाले होते. पडद्यावरच्या यानांना नाक एकीकडे आणि जाळ दुसरीकडे असतो. पण खऱ्या यानाला वेग कमी करायचा तर इंजिन प्रवासाच्या दिशेला करावे लागते, म्हणजे बूड पुढे करूनच जावे लागते. ते पाहायला बरे दिसत नाही, म्हणून पडद्यावर सहसा दाखवत नाहीत. उष्णतेचेही तेच. हवा नसल्यामुळे यानातली उष्णता वाहून न्यायला कोणी नसते, म्हणून ती बाहेर टाकायला मोठमोठे पत्रे बसवावे लागतात. १९६८ च्या एका गाजलेल्या अंतराळपटात हेच पत्रे वगळले गेले, कारण प्रेक्षकांना ते पंख वाटले असते. नको तिथे पंख लावतात आणि हवे ते पत्रे काढतात. मे महिन्यात पत्र्याखाली दुपार काढलेल्या माणसाला हा अन्याय सहन होत नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला ‘विक्रम’ चंद्रावर उतरला तेव्हा शेजारच्या काकू त्याचे चित्र पाहून म्हणाल्या, “सत्यनारायणाच्या चौरंगाला सोनेरी कागद लावलाय जणू.” तो कागदही ऊन-थंडीपासून बचावासाठीच होता, पण काकूंचा हिरमोड व्हायचा तो झालाच.

१९८१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या ‘कोलंबिया’ या स्पेस शटलचे पहिले उड्डाण झाले. ‘शटल’ म्हणजे धोटा, हे मी शब्दकोशात पाहून आजोबांना सांगितले तेव्हा ते पोटभर हसले. “अमेरिकेनं आपला धोटा पळवला की रं!” मग वर्तमानपत्रातले चित्र त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले. “पण याला एकीकडंच टोक. आणि पंख कशाला?” वर जाऊन फिरताना त्यांचा उपयोग नाही, फक्त परत येताना, शेवटी हवेत शिरल्यावर लागतात, असे मी वाचून सांगितले. त्यांनी मान डोलावली. परत येण्यासाठी काही लागत असेल, तर त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

१ फेब्रुवारी २००३ च्या शनिवारी संध्याकाळी माग कधीच विकले गेले होते आणि आजोबा बाजेवर पडून होते. टीव्हीवर निळ्या आकाशात पांढऱ्या रेघा दाखवत होते. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. कल्पना चावलाचे नाव पुन्हापुन्हा येत होते. जाताना इंधनटाकीवरचा फेसाचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता, हे पुढे चौकशीत निघाले. त्या वेळी एवढेच कळत होते की उतरायला सोळा मिनिटे उरलेली असताना यान तुटले.

“कुठला धोटा?” आजोबांनी विचारले.

“तोच, पहिला.”

ते कोपरावर रेटून अर्धवट उठले. “कुणाला लागलं?”